जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची लेन्स मिररलेसवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधले लग्नाच्या शूटिंगचे जुने स्टुडिओ एकेक करून आवरले जातायत. बँकांचे आणि कारखान्यांचे जुने सीसीटीव्ही बदलले जातायत. त्यातून निघालेल्या लेन्सचे फोटो लोक मला पाठवतात आणि विचारतात, ‘ही माझ्या मिररलेसला (आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याला) लागेल का?’ त्या विचारण्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. अॅडॅप्टर (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी रिंग) मागवण्याआधी निदान ४ आणि ५ क्रमांकाची उत्तरं वाचा.

१. बाबांचा लग्नाच्या शूटिंगचा मोठा कॅमेरा घरात पडून आहे. त्याची लेन्स माझ्या मिररलेसला लावता येईल का?

आधी ती लेन्स कॅमेऱ्यातून निघते का ते बघा. आपल्याकडे लग्नात दिसायचे त्यातले बरेचसे कॅमेरे, म्हणजे पॅनासोनिकचा एम-९००० किंवा नंतरचे सोनीचे पीडी-१५० आणि पीडी-१७०, यांची लेन्स बॉडीतच बसवलेली असते. ती उचकटून काढलीत तर हातात मोटारी, रिबन केबल आणि काचा येतात, लेन्स येत नाही. हँडीकॅमचंही तसंच.

उपयोगाच्या निघतात त्या मुख्यतः दोन प्रकारच्या माउंटच्या. माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा. एक, स्क्रूसारखी फिरवून बसणारी सी-माउंट लेन्स: १६ मिमीचे फिल्म कॅमेरे, जुने ट्यूबवाले व्हिडिओ कॅमेरे, सीसीटीव्ही आणि कारखान्यात माल तपासणारे कॅमेरे यांची. दुसरी, टीव्ही चॅनेलवाल्यांची बी-४ माउंटची जाडजूड झूम. तिच्याबद्दल प्रश्न ११ मध्ये.

२. माझ्याकडे डीएसएलआर आहे. त्याला सी-माउंट लेन्स का लागत नाही?

प्रत्येक लेन्स आपल्या माउंटपासून ठरावीक अंतरावर चित्र पाडते. याला फ्लँज अंतर म्हणतात. सी-माउंटचं १७.५२६ मिमी. कॅनन ईएफचं ४४ मिमी आणि निकॉन एफचं ४६.५ मिमी, कारण मध्ये आरशाला जागा हवी. म्हणजे सी-माउंट लेन्स डीएसएलआरच्या पोटात अडीच सेंटीमीटरहून जास्त आत घालावी लागेल, आणि तिथे आरसा आहे. बाहेरून लावलीत तर अगदी नाकासमोरची वस्तू तेवढी फोकसमध्ये येईल.

मिररलेसमध्ये आरसा नाही, म्हणून अंतर कमी: मायक्रो फोर थर्ड्‌स (पॅनासोनिक आणि ऑलिम्पसचा छोट्या सेन्सरचा प्रकार) १९.२५, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६ मिमी.

३. मग यातली कुठली बॉडी घेऊ?

फक्त या छंदासाठी घ्यायची असेल तर जुनी वापरलेली मायक्रो फोर थर्ड्‌स. कारण सेन्सरच्या आकाराचं आहे, ते पुढच्या उत्तरात. फुजी आणि सोनीची एपीएस-सी (मधल्या आकाराच्या सेन्सरची) बॉडी असेल तर आहे तीच वापरा, नवी घेऊ नका. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी या कामाला सगळ्यात गैरसोयीची; तिला एपीएस-सी क्रॉपवर, म्हणजे सेन्सरचा मधला भागच वापरायच्या सेटिंगवर, टाकूनच वापरावं लागतं.

४. लेन्स बसली, चित्रही आलं, पण कोपरे काळे दिसतात. लेन्स खराब आहे का?

नाही. लेन्स जे चित्र पाडते ते गोल असतं. त्या गोलाला इमेज सर्कल म्हणू. सेन्सरचा कर्ण त्या गोलाच्या व्यासापेक्षा मोठा असेल तर उरलेला भाग काळाच राहणार. अॅडॅप्टर कितीही महाग घेतला तरी हा हिशोब बदलत नाही, कारण अॅडॅप्टर म्हणजे मध्ये भोक असलेली धातूची रिंग.

लेन्सवर १ इंच, २/३ इंच, १/२ इंच असं लिहिलेलं असतं. तो आकडा तसाच धरून लोक फसतात. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यात चिप नव्हती, व्हिडिकॉनसारखी काचेची नळी असायची. १ इंच हा त्या नळीचा बाहेरचा व्यास. चित्र पडायची जागा तिच्या आत, कर्ण फक्त १६ मिमी. नळ्या गेल्या, चिपा आल्या, पण आकडे तेच चालू राहिले. म्हणून १ इंच म्हणजे १६ मिमी, २/३ म्हणजे ११, १/२ म्हणजे ८ आणि १/३ म्हणजे ६ मिमी. १६ मिमी फिल्मच्या चौकटीचा कर्ण सुमारे १२.७ मिमी.

आता समोर ठेवा सेन्सरचे कर्ण: मायक्रो फोर थर्ड्‌स २१.६, एपीएस-सी सुमारे २८, फुल फ्रेम ४३.३ मिमी.

कागदावर बघितलं तर एकही लेन्स पुरी पडत नाही. प्रत्यक्षात पुष्कळ लेन्स लिहिलेल्यापेक्षा मोठं वर्तुळ देतात, विशेषतः लांब फोकल लेंग्थच्या. १ इंचासाठी केलेली २५ मिमी मायक्रो फोर थर्ड्‌सवर बहुधा कोपऱ्यात थोडीशीच काळी पडते. ५० आणि ७५ मिमी बऱ्याचदा पूर्ण भरतात, कधीकधी एपीएस-सीसुद्धा. उलट १२.५ किंवा ८ मिमीची वाइड लेन्स जवळजवळ नेहमीच गोल खिडकी दाखवते. झूम असेल तर वाइडला काळं आणि टेलीला साफ, असंही होतं.

५. विकत घेण्याआधी हे वर्तुळ मोजता येईल का? दुकानदाराला काही सांगता येत नाही.

येतं, आणि त्याला कॅमेराही लागत नाही. एक आलेखाचा कागद, एक पट्टी आणि दिवसा उजेडाची खिडकी.

खोलीतले दिवे बंद करा. लेन्सचं फोकस अनंतावर (सगळ्यात दूरच्या खुणेवर), आयरिस (उजेड कमीजास्त करणाऱ्या पाकळ्या) पूर्ण उघडी. लेन्सचं तोंड खिडकीबाहेर दूरच्या इमारतीकडे करा आणि मागच्या बाजूला कागद धरा. कागद पुढेमागे करत इमारत उलटी पण रेखीव दिसेपर्यंत या. आता दोन गोष्टी मोजा.

पहिली, उजेडाच्या गोलाचा व्यास. कडेला जिथे चित्र विटायला लागतं तिथपर्यंतच धरा, शेवटच्या धूसर कडेपर्यंत नाही. कागदावर आधीच १७.३ × १३ मिमीचा चौकोन आखून ठेवला असेल (मायक्रो फोर थर्ड्‌स) आणि त्याभोवती २३.५ × १५.६ चा (एपीएस-सी), तर मोजायचीही गरज नाही, चौकोनाचे कोपरे उजेडात आहेत की नाहीत ते डोळ्यांनाच दिसतं. झूम असेल तर दोन्ही टोकांना बघा.

दुसरी, लेन्सच्या माउंटच्या खांद्यापासून (जी कड कॅमेऱ्याला टेकते तिथून) कागदापर्यंतचं अंतर. साडेसतरा मिमीच्या आसपास आलं तर सी-माउंट, साडेबारा मिमीच्या आसपास आलं तर सीएस (प्रश्न ७), पाच सेंटीमीटरला जरा कमी आलं तर बी-४ असण्याची शक्यता.

जेल रोडच्या गल्लीत उभं राहून हे करताना दुकानदार हसेल. हसू द्या. दुकानाच्या दारातून समोरच्या पाटीकडे लेन्स धरली तरी अंदाज येतो.

६. सीसीटीव्हीची नवी चिनी लेन्स स्वस्तात मिळते. ती घ्यावी की जुनीच शोधावी?

सुरुवातीला चिनी घ्या. २५ मिमी एफ/१.४, ३५ मिमी एफ/१.७ आणि ५० मिमी एफ/१.४ अशा सी-माउंट लेन्स बहुतेकदा अॅडॅप्टरसकट मिळतात. ३५ मिमी एपीएस-सीवरसुद्धा बऱ्यापैकी भरते. मधोमध रेखीव आणि कडेला गरगरलेलं, असं चित्र येतं. पोर्ट्रेटला गंमत येते, इमारतींच्या फोटोला नको.

जुन्यात कॉस्मिकार, कॉम्प्युटार, फुजिनॉन-टीव्ही आणि कॅननच्या टीव्ही लेन्स भारतात अधूनमधून दिसतात. धातूचं अंग, फोकसची लांब आणि मऊ फिरकी, हे चिनी लेन्समध्ये नाही. पीथमपूरच्या कारखान्यांमधून मशीन व्हिजनच्या (माल तपासणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) लेन्सही भंगारात येतात. त्या काचेनं उत्तम असतात, पण बऱ्याचशा २/३ इंचाच्या, म्हणजे ११ मिमी वर्तुळाच्या. खिडकीची परीक्षा घेतल्याशिवाय घेऊ नका.

७. सी आणि सीएस यांत फरक काय? आटे तर दोन्हींचे सारखेच दिसतात.

आटे खरोखरच सारखे आहेत: १ इंच व्यास, इंचाला ३२ आटे. फरक अंतराचा, सीएसचं १२.५ मिमी, सीपेक्षा ५ मिमीनं कमी. सी लेन्स सीएस कॅमेऱ्यावर ५ मिमीची रिंग लावून चालते. सीएस लेन्स सी-माउंटवर कधीच अनंतापर्यंत फोकस होत नाही. आजच्या कुठल्याही मोठ्या सेन्सरच्या मिररलेसवर सीएस लेन्स फक्त जवळच्या वस्तूंसाठी, मुंगी आणि नाण्यासाठी. नवीन सीसीटीव्हीच्या व्हेरिफोकल (फोकल लेंग्थ बदलता येणाऱ्या) लेन्स बहुतेक सीएस असतात.

८. आजोबांच्या ८ मिमी कॅमेऱ्याच्या छोट्या छोट्या लेन्स आहेत. त्या?

त्या बहुधा डी-माउंट. व्यास ०.६२५ इंच, अंतर १२.२९ मिमी. मायक्रो फोर थर्ड्‌स, सोनी, फुजी यांवर अनंत फोकस मिळणार नाही. पेंटॅक्स क्यू या बंद झालेल्या छोट्या कॅमेऱ्याचं अंतर ९.२ मिमी होतं, त्यावर त्या छान चालतात. तो नसेल तर कपाटात शोभेला ठेवा.

९. अॅडॅप्टर आणला, पण लेन्स पूर्ण आत जात नाही आणि दूरचं फोकसही होत नाही.

ही दोन दुखणी बहुतेकदा एकच असतात. प्रश्न २ मधले आकडे पाहा: मायक्रो फोर थर्ड्‌सवर लेन्सचा खांदा बॉडीच्या माउंटपेक्षा १.७ मिमी आत बसवावा लागतो, कॅनन आरएफवर जवळजवळ अडीच मिमी, सोनीवर अर्धा, फुजीवर नाममात्र. निकॉन झेडवर उलट दीड मिमी बाहेर. म्हणून अॅडॅप्टरला मध्ये खळगा असतो, आणि ज्या लेन्सची मागची कॉलर त्या खळग्यापेक्षा जाड आहे ती वरच अडकते.

उपाय दोन. जास्त रुंद खळग्याचा अॅडॅप्टर मिळतो का बघा. नाहीतर सांवेर रोडच्या एखाद्या लेथवाल्याकडून कॉलर बाहेरून घासून घ्या. मात्र आधी काचेचे भाग काढून घ्या. अॅल्युमिनियमचा भुगा एकदा आत गेला की बाहेर निघत नाही. काचा काढता येत नसतील तर हा उद्योग करू नका.

लेन्स पूर्ण बसूनही अनंत मिळत नसेल तर अॅडॅप्टर किंचित जाड आहे. उलट, अनंताच्या खुणेच्या आधीच अनंत येत असेल तर काळजी नको. पाहिजे तर पातळ शिम (बारीक चकती) टाका. काही लेन्सवर कडेला बारीक स्क्रू असतात, ते सैल केले की फोकसची रिंग सरकवून खूण जुळवता येते.

एक धोक्याची गोष्ट. काही वाइड लेन्सची मागची काच आट्यांच्याही बरीच मागे येते आणि शटरला लागू शकते. पहिल्यांदा बसवताना कॅमेरा बंद ठेवा, हळूहळू फिरवा, अडल्यासारखं वाटलं की थांबा.

१०. भिया, लेन्समधून काहीच दिसत नाही, आतली पाकळी बंद आहे आणि आयरिसची रिंगच नाही!

ऑटो-आयरिस लेन्स आहे. तिच्या अंगातून एक छोटी वायर बाहेर आलेली असेल. सीसीटीव्ही कॅमेरा त्या वायरीतून आयरिस उघडायचा. वीज नाही तर ती बंदच राहते. पाकळ्या चिकटवून कायमच्या उघड्या ठेवणारे जुगाडू लोक आहेत, पण मग आयरिस हा प्रकारच गेला. विकत घेताना वायर दिसली की सोडून द्या. एफ-आकडे लिहिलेली रिंग हाताने फिरते ना, एवढं बघून घ्या.

११. एका बंद पडलेल्या केबल चॅनेलची मोठी फुजिनॉन झूम मिळते आहे. मिररलेसवर चालेल?

चालते, आणि या सगळ्या प्रकारात सगळ्यात मजेची तीच आहे. पण तिच्याबरोबर सामान येतं.

बी-४ माउंट २/३ इंचाच्या तीन-चिप कॅमेऱ्यांसाठी होतं. फ्लँज अंतर ४८ मिमी, त्यामुळे अॅडॅप्टरला भरपूर जागा आणि लेन्स अडकण्याची भानगड नाही. वर्तुळ मात्र ११ मिमीच. इथे वाचवतो तो लेन्सच्या अंगातला २एक्स एक्स्टेंडर, म्हणजे चित्र दुप्पट मोठं करणाऱ्या काचा. तो लावला की वर्तुळ २२ मिमीचं होतं आणि मायक्रो फोर थर्ड्‌सचा २१.६ मिमी कर्ण त्यात बसतो. किंमत म्हणून दोन स्टॉप उजेड जातो (चौथाईच उरतो), एफ/१.८ ची लेन्स एफ/३.६ होते, आणि फोकल लेंग्थ दुप्पट. एक्स्टेंडर नसलेली बी-४ लेन्स मी मिररलेसवाल्याला घ्यायला सांगणार नाही. ती फक्त क्रॉपमध्ये चालते (प्रश्न १३).

दुसरी अडचण रंगांच्या कडांची. त्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे काचेचा जाड प्रिझम असायचा, तो उजेड लाल, हिरव्या आणि निळ्या चिपांवर वाटायचा. लेन्स त्या प्रिझमचा हिशोब धरूनच घडवलेली. आपल्या कॅमेऱ्यात प्रिझम नाही, म्हणून आयरिस पूर्ण उघडली की पांढऱ्या सदऱ्याच्या कडेला जांभळं-हिरवं दिसतं आणि एकूण चित्र दुधाळ. एफ/४ किंवा ५.६ ला पुष्कळ सुधारतं.

मग वीज. लेन्सच्या बाजूला धरायच्या मुठीतली झूमची मोटार १२ व्होल्टवर, १२ पिनांच्या गोल कनेक्टरमधून चालते. पिनांची आकृती हातात असल्याशिवाय वायर जोडू नका. वीज नको असेल तर मुठीवरचा आयरिसचा स्विच ‘एम’ वर आणि झूमचा खटका मॅन्युअलवर करा, सगळं हातानं फिरतं.

वजन कॅमेऱ्यापेक्षा जास्त असतं, तेव्हा १५ मिमीच्या रॉडवर लेन्सला खालून आधार द्या. कॅमेऱ्याच्या माउंटवर लोंबकळत ठेवू नका.

शेवटी बॅक फोकस. झूम करताना फोकस सुटत असेल तर लेन्स खराब नाही, जुळवायची राहिली आहे. तीनेक मीटरवर रेघांचा तक्ता लावा, आयरिस उघडा, पूर्ण टेलीला जाऊन पुढच्या रिंगनं फोकस करा. मग पूर्ण वाइडला या आणि मागची बॅक फोकसची रिंग सैल करून तिनं फोकस करा. दोन्ही टोकं जुळेपर्यंत हेच परत परत, मग स्क्रू आवळा.

१२. कॅननच्या एक्सएल-१ ची पांढरी लेन्स निघते. ती का नाही चालत?

१९९७ चा तो कॅमेरा १/३ इंचाचा, म्हणजे वर्तुळ ६ मिमीच्या आसपास. शिवाय सोबत येणाऱ्या लेन्सचं फोकस आणि आयरिस कॅमेऱ्याच्या विजेवर. हातानं चालवायची झूमही निघाली होती, पण वर्तुळ तेवढंच. सोडा.

१३. काळे कोपरे घालवायला फोटो कापण्याशिवाय काही मार्ग?

व्हिडिओसाठी आहे. पॅनासोनिकच्या जीएच२ पासून बऱ्याच बॉडींमध्ये ‘एक्स टेली कॉन्व्हर्जन’ आहे. फुल एचडीत तो सेन्सरचा फक्त मधला तुकडा वापरतो, काही मॉडेल्समध्ये जेमतेम ७ मिमी रुंद. त्यात २/३ इंचाची लेन्स सहज मावते आणि पिक्सेलला पिक्सेल असल्यानं चित्र फुगवल्यासारखं दिसत नाही. सोनीत ‘क्लिअर इमेज झूम’ आहे, पण तो चित्र मोठं करून दाखवतो, आणि रॉ फोटोत चालत नाही. ब्लॅकमॅजिकच्या २०१३ च्या पॉकेट सिनेमा कॅमेऱ्याचा सेन्सरच १२.४८ × ७.०२ मिमी, म्हणून १६ मिमी फिल्मच्या लेन्सवाले तो अजून शोधत असतात.

१४. कॅमेरा म्हणतो लेन्सच नाही, शटर दाबलं जात नाही.

मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा. बॉडीत स्थिरीकरण असेल तर फोकल लेंग्थ हातानं भरा, नाहीतर चित्र उलट डुचमळतं. २५ मिमीला २५ च भरायचं, ५० नाही, जरी मायक्रो फोर थर्ड्‌सवर ती फुल फ्रेमच्या ५० इतकंच दृश्य दाखवत असली तरी. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) आणि मॅग्निफाय बटणाला लावून ठेवा. अॅपर्चर प्रायॉरिटी चालते. आयरिसचा आकडा फाइलमध्ये येत नाही, इतकंच.

१५. सराफ्यात (रात्रीच्या खाऊगल्लीत) रात्री किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना (रोषणाईच्या देखाव्यांच्या मिरवणुकीला) एफ/१.४ ची लेन्स नेली तर?

जरूर न्या, ही त्याच कामाची लेन्स आहे. जुन्या कोटिंगमुळे बल्बांभोवती झळाळी येते, ती झांकीच्या रोषणाईला शोभते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची. १/६० ला दिवे लुकलुकतात. स्वस्त एलईडी पट्ट्यांचे आडवे पट्टे मात्र काही वेळा कशानंही जात नाहीत.

रंगपंचमीच्या गेरीत (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) नेऊ नका. या लेन्सना धूळ-पाण्यापासून कसलंही संरक्षण नाही, आणि गुलाल फोकसच्या ग्रीसमध्ये मिसळला की रिंग दगड होते. राजवाड्याजवळच्या एखाद्या गच्चीवरून ७५ मिमीनं शूट करा.

१६. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं.

बुरशी. इंदूरचा पावसाळा आणि चामड्याचं केस, या जोडीनं ती वाढते. पुढच्या किंवा मागच्या काचेवर वरवर असेल तर लेन्सच्या द्रवानं पुसली जाते. आतल्या काचेवर असेल तर लेन्स उघडावी लागते, आणि कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतोच. थोड्या जाळ्यानं चित्रात फारसा फरक पडत नाही, फक्त उजेडासमोर चित्र फिकं होतं. त्या मानानं भाव कमी करून मागा. घरी आणल्यावर चामड्याचं केस वेगळं काढा आणि लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलबरोबर ठेवा. दाणे रंग बदलले की कढईत भाजून परत वापरता येतात, फक्त त्या कढईत मग पोहे करू नका.

१७. बोलेक्स या १६ मिमी फिल्म कॅमेऱ्याची कर्न स्विटार लेन्स मिळाली, तिच्यावर ‘आरएक्स’ लिहिलंय. चित्र उघड्या आयरिसला मऊ का?

बोलेक्सच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मध्ये प्रिझम होता, आणि ५० मिमीपर्यंतच्या आरएक्स लेन्स त्यासाठीच केल्या. प्रिझम गेला की तोच घोटाळा जो प्रश्न ११ मध्ये बी-४ चा. आयरिस थोडी बंद करा. आरएक्स न लिहिलेल्या जुन्या स्विटारमध्ये हा दोष नाही.

याच्या उलटही एक गोष्ट आहे: साध्या सी-माउंट लेन्स मध्ये काहीच काच नाही असं धरून केलेल्या, आणि मायक्रो फोर थर्ड्‌सच्या सेन्सरवर मात्र सुमारे ४ मिमी जाडीचे काचेचे थर. त्यामुळे उघड्या आयरिसला कोपरे ओघळतात. त्यावर घरगुती उपाय नाही.

१८. स्पीड बूस्टर लावून वर्तुळाचा प्रश्न सुटेल?

उलट वाढेल. स्पीड बूस्टर चित्र लहान करतो, म्हणजे वर्तुळही लहान होतं. शिवाय त्याच्या काचांना जागा लागते, आणि सी-माउंटमध्ये ती मुळातच उणे आहे. चित्र मोठं करणारे काचेचे अॅडॅप्टर बी-४ साठी मिळतात, ते सुपर ३५ (साधारण एपीएस-सीएवढा) सेन्सर भरतात, पण उजेड दोन स्टॉपांहून जास्त खातात आणि किमतीत चांगली नवी लेन्स येते.

१९. पैसे घेऊन करायच्या कामाला या लेन्स वापरू का?

वधू-वरांच्या एखाद्या शॉटला, त्यांना आधी नमुना दाखवून, हो. सप्तपदीला नाही. ऑटोफोकस नाही, आणि गुरुजी परत फेरे घ्यायला लावत नाहीत.